दुभाजकातला कट : मागणी बदलूया

(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी इंजिनिअर नाही. कॉमर्सचा पदवीधर आहे आणि बँकेत कारकून आहे. रस्त्याच्या दुभाजकावर बोलण्याचा अधिकार याला कोणी दिला, असे कोणाच्या मनात आले तर ते रास्तच आहे. माझा संबंध एवढाच की ट्रकच्या कर्जाची खाती आमच्या टेबलावरून जातात. गाडी नवी असते तेव्हा मालक पेढे घेऊन येतो. अपघात झाला की तोच मालक पंचनामा, सर्व्हेअरचा अहवाल आणि विम्याचे कागद घेऊन येतो. त्या कागदांत काही शब्द पुन्हा पुन्हा वाचायला मिळतात : 'डिव्हायडरला धडकून', 'डिव्हायडर ओलांडून', 'कटमधून वळताना'. ते वाचून वाचून मी या विषयाची माहिती गोळा करू लागलो.

आज हा विषय घेण्याचे कारण आपल्या घरचेच आहे. महामार्गाच्या प्रश्नांवर मंडळातर्फे निवेदन द्यायचे ठरले आहे. त्याचा मसुदा आपण सर्वांनी पाहिला. त्यात सर्वांत जास्त मागण्या एकाच प्रकारच्या आहेत : अमुक फाट्यावर दुभाजकात कट द्यावा, तमुक ढाब्यासमोर बंद केलेला कट पुन्हा उघडावा. या मागण्या आपल्याच माणसांच्या आहेत आणि त्यांची अडचण खरी आहे. तरीही ही मागणी आपण मागे घ्यावी आणि तिच्या जागी दुसरी, जास्त खर्चाची, जास्त भांडावी लागणारी मागणी घालावी, अशी विनंती करायला मी उभा आहे. का, ते सांगतो.

प्रथम दुभाजक नसला तर काय होते ते पाहू. आपला पुणे-बंगळूर महामार्ग, पूर्वीचा चार नंबरचा, आताचा ४८ नंबरचा. बेळगावहून धारवाडपर्यंत चौपदरी, हुबळीच्या पुढे चौपदरी; मधले हुबळी-धारवाडचे तीसेक किलोमीटरचे बाह्यवळण मात्र वर्षानुवर्षे दुपदरी राहिले. चौपदरी रस्त्यावर वेगाची सवय लागलेला ड्रायव्हर त्याच वेगात तिथे शिरायचा आणि समोरून येणारा ट्रक त्याच्याच पट्ट्यात असायचा. १५ जानेवारी २०२१ रोजी दावणगेऱ्याहून गोव्याला सहलीला निघालेल्या मैत्रिणींचा टेम्पो ट्रॅव्हलर आणि एक टिपर धारवाडजवळ इटिगट्टीपाशी समोरासमोर धडकले. किमान अकरा जण गेले. तो रस्ता रुंद करण्याचे काम त्यानंतर हाती घेतले गेले. दुभाजक हवा की नको, यावर म्हणून वाद नको. हवाच. प्रश्न असा आहे की कसा हवा, आणि त्याला भोके किती असावीत.

आता दुभाजक ट्रकला काय करतो ते पाहू. आपल्याला वाटते, मध्ये उंचवटा आहे, कडेला दगडी कर्ब आहे, तो गाडी अडवेल. कर्ब साधारण वीतभर उंच असतो. पावसाचे पाणी वळवायला, माती धरून ठेवायला आणि ड्रायव्हरला कड दाखवायला तो बरा आहे. ट्रकला तो अडवत नाही. भरलेल्या ट्रकचे पुढचे चाक वेगात कर्बवर आपटले की टायर फुटते किंवा स्टिअरिंग हातातून निसटते, आणि ट्रक उसळून पलीकडे जातो. आपल्याकडे डाव्या बाजूला दुचाक्या, थांबलेल्या बसगाड्या आणि उलट दिशेने येणारे ट्रॅक्टर असतात, म्हणून ट्रकवाला उजवा पट्टा धरून चालतो. म्हणजे सर्वांत जड गाडी रोज दुभाजकाला चिकटून धावते.

म्हणून दुभाजकात कठडा घालतात. कठड्याचे तीन प्रकार आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. पहिला सिमेंटचा, खाली रुंद आणि वर निमुळता. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात तो रूढ झाला म्हणून त्याला तेच नाव पडले. दुसरा लाटेसारखा वळवलेल्या जस्ती पत्र्याचा. तिसरा पोलादी तारदोरांचा. सिमेंटचा कठडा हलत नाही. पत्र्याचा थोडा वाकतो. तारदोर दोन मीटर किंवा त्याहूनही जास्त ताणला जातो आणि गाडीला झेलून घेतो. म्हणून अरुंद दुभाजकात तारदोर उपयोगाचा नाही. ताणला गेला की गाडी पलीकडच्या पट्ट्यात पोचलेली असते.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरचा २३ डिसेंबर २०१२ चा अपघात आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. विरुद्ध बाजूने आलेला टेम्पो दुभाजक ओलांडून मोटारीवर आदळला आणि आनंद अभ्यंकर, अक्षय पेंडसे हे कलावंत आणि पेंडसे यांचा लहानगा मुलगा गेले. त्या मार्गावर दुभाजकात तारदोरांचे कठडे बसवण्याची मागणी त्यानंतर जोरात झाली आणि टप्प्याटप्प्याने ते बसले. मोटारी आणि हलक्या गाड्यांसाठी ते फार उपयोगी आहेत. पण ट्रकचे गणित वेगळे आहे.

ते गणित असे. कठडा किती मजबूत हे ठरवायला परदेशात गाड्या प्रत्यक्ष आदळून चाचण्या घेतात. अमेरिकी पद्धतीत जी नेहमीची पायरी आहे, तिच्यात सुमारे सव्वादोन टनांची पिकअप गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने कठड्यावर सोडतात. आपल्या रस्त्यावर जो दहा चाकी ट्रक धावतो, त्याचे भरलेले वजन कायद्याने पूर्वी २५ टन होते. २०१८ साली केंद्र सरकारने ते साडेअठ्ठावीस टन केले. कागदावरचे साडेअठ्ठावीस, बरे का. सव्वादोन टनांसाठी पास झालेल्या पत्र्याने साडेअठ्ठावीस टन अडवावेत अशी अपेक्षा ठेवणे म्हणजे बचत खात्याच्या तारणावर साखर कारखान्याला कर्ज देण्यासारखे आहे.

उंचीचीही गोष्ट आहे. न्यू जर्सी कठडा मूळचा ३२ इंची, म्हणजे आपल्या कमरेच्या खालीच. भरलेल्या ट्रकचा भार त्याहून बराच वर असतो. चाके कठड्याला अडतात, पण वरचा माल पुढे जात राहतो आणि ट्रक कठड्यावरून पलीकडे कलंडतो. म्हणून जिथे जड वाहतूक फार आहे तिथे ४२ इंची कठडे घालायला लागले. ३६ टनांचा ट्रेलर ताशी ८० किलोमीटर वेगाने तिरका आदळला तरी अडवतील, अशा चाचणीवर ते उतरवलेले असतात. आपल्याकडेही इंडियन रोड्स काँग्रेसने २०१५ साली अशा कठड्यांसाठी ११९ क्रमांकाची स्वतंत्र मार्गदर्शिका काढलेली आहे. सगळ्या रस्त्याला उंच भिंत घाला असे माझे म्हणणे नाही. तेवढा पैसा कोणाकडे नाही, आणि सरळ रस्त्यावर रुंद दुभाजक पुष्कळ काम करतो. पण तवंदी किंवा वंटमुरी घाटाच्या उतारावर, वळणावर, पुलावर, जिथे ब्रेक तापतात आणि ट्रक सरळ जायला बघतो, तिथे उंच आणि सलग सिमेंटचा कठडा हवा. जोडलेला हवा, हेही महत्त्वाचे. कामाच्या ठिकाणी एकेक सिमेंटचा ठोकळा सुटा ठेवतात. ट्रकने तो ढकलला की तो ठोकळाच समोरून येणाऱ्या दुचाकीवर जातो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो : कट.

चौपदरी रस्त्याला एका बाजूला साडेतीन मीटरचे दोन पट्टे असतात, म्हणजे सात मीटर, आणि कडेला दीडेक मीटर पक्की साईडपट्टी. दुभाजक उघड्या माळावर साधारण पाच मीटर धरू. गावात तो आणखी अरुंद, अडीच मीटरच्या आसपास. मोटार चार मीटर लांब. ती कटमध्ये आडवी उभी राहिली तर पाच मीटरांत मावते, अर्धा रस्ता ओलांडून मध्ये थांबून पुढचा अर्धा बघू शकते. आता दहा चाकी ट्रक घ्या. लांबी नऊ-दहा मीटर. तोंड पलीकडच्या कडेला आणून थांबला तर मागचे साडेचार-पाच मीटर आपल्या बाजूच्या रस्त्यावर राहतात. वेगाचा पट्टा पूर्ण अडला आणि दुसऱ्याचाही काही भाग अडला. सोळा मीटरचा ट्रेलर असेल तर अकरा मीटर मागे राहतात. दोन्ही पट्टे आणि साईडपट्टी सगळे बंद. गावातल्या अडीच मीटरच्या कटबद्दल तर बोलायलाच नको.

ट्रकवाल्याला हे कळते, म्हणून तो मध्ये थांबत नाही. एका दमात पलीकडे जायला बघतो. जागेवरून सुटलेला भरलेला ट्रक रस्ता पूर्ण मोकळा करायला आठ-दहा सेकंद घेतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदाला २२ मीटर येते. दहा सेकंदांत ती सव्वादोनशे मीटर आली. म्हणजे ट्रकवाल्याने सुटताना सव्वादोनशे मीटरपलीकडच्या गाडीचा अंदाज घ्यायला हवा आणि येणाऱ्याने तेवढ्या लांबून आडवा ट्रक पाहायला हवा. रात्री डिपरवर पन्नास-साठ मीटरपलीकडचे नीट दिसत नाही. आडव्या ट्रकचे दिवे बाजूच्या शेताकडे वळलेले असतात, टेललाइट दुसऱ्या बाजूला असते. मधला दहा मीटरचा फळका अंधारात काळा. त्यावर चमकणारी पट्टी नसेल तर मागून येणारा मोटारवाला थेट ट्रकच्या खाली जातो. वळून परत फिरायचे असेल तर आणखी कठीण. मोठ्या गाडीला पूर्ण वळायला चोवीस-पंचवीस मीटर व्यासाची जागा लागते. तेवढी जागा कटमध्ये नाही, म्हणून ट्रक पुढे-मागे करत रस्त्याच्या मध्यावर दोन-तीन मिनिटे काढतो.

यात आपल्या भागातली एक भर आहे, ती म्हणजे ऊस. गळीत हंगामात संध्याकाळनंतर ट्रॅक्टर आणि त्यामागे दोन ट्रॉल्या कटमधून निघतात. लांबी ट्रेलरइतकीच, वेग त्याच्या निम्मा, आणि मागच्या ट्रॉलीला दिवा असेलच असे नाही. आपण ज्या कटची मागणी करतो आहोत, त्याच्यातून ही गाडी बाहेर पडणार आहे, आणि ती आपल्याच कोणाच्या तरी शेतातली असणार आहे.

आता हिशेबाची वही उघडू. कट बंद असला तर ट्रकला किंवा ट्रॅक्टरला पुढच्या पुलाखालून वळून यावे लागते. समजा चार किलोमीटरचा वळसा पडला. भरलेला ट्रक लिटरला चार किलोमीटर जातो असे धरा, म्हणजे एक लिटर डिझेल, नव्वदेक रुपये. हा जमेचा रकाना. खर्चाच्या रकान्यात काय आहे? ट्रक अपघातात सापडला की महिनोन्महिने पोलीस ठाण्यात किंवा गॅरेजमध्ये पडून राहतो, हप्ता मात्र थांबत नाही. ड्रायव्हर जखमी, क्लीनर जखमी. दोन-तीन हप्ते चुकले की खाते थकीत, आणि मग आमच्यासारखा कोणी तरी नोटीस टाइप करतो. एका कटवर वर्षाला एकच असा अपघात झाला तरी वाचवलेले सगळे डिझेल त्यात जाते. माणसाच्या जिवाचा रकाना मी उघडतच नाही, तो भरायला कोणत्याच बँकेकडे आकडा नाही. देशाचा आकडा तेवढा सांगतो : २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांपैकी ६१,०३८ राष्ट्रीय महामार्गांवर, जे सगळ्या रस्त्यांच्या लांबीच्या जेमतेम दोन टक्के आहेत.

कोणी म्हणेल, मग शेतकऱ्याने पलीकडच्या रानात जायचे कसे? शाळेच्या पोरांनी बस कुठे पकडायची? प्रश्न अगदी बरोबर आहे. रस्ता गावाच्या छातीवरून गेला आणि गाव दोन तुकडे झाले. कट बंद करून अधिकारी निघून गेले, तर लोक रातोरात दुभाजक फोडून स्वतःचा कट करतात. तो सर्वांत वाईट, कारण त्याला पाटी नाही, दिवा नाही, रस्त्यावर पट्टे नाहीत. म्हणून नुसता 'कट बंद करा' म्हणणे ही अर्धीच मागणी झाली. पूर्ण मागणी अशी असायला हवी : सर्व्हिस रोड सलग द्या आणि खालून जायला भुयारी मार्ग द्या.

भुयारी मार्गातही मेख आहे, ती ध्यानात ठेवा. माणसे आणि जनावरे जाण्यासाठी जो छोटा भुयारी मार्ग करतात, त्याची उंची तीन मीटर असते. मोठ्या वाहनांसाठीचा साडेपाच मीटर असतो. नुसते 'अंडरपास द्या' असे लिहिले तर तीन मीटरचा मिळेल, आणि उसाची भरलेली ट्रॉली त्यातून जाणार नाही. मग ती पुन्हा कटवर येईल. म्हणून निवेदनात उंची लिहा : साडेपाच मीटर. आणि ही मागणी आताच करायची आहे. बेळगाव ते संकेश्वर आणि पुढे महाराष्ट्राच्या सीमेपर्यंतच्या सहापदरीकरणाची पायाभरणी २०२२ साली झाली. सहा पदर झाले की ओलांडायचे अंतर आणखी वाढते. चौपदरीवर जो कट धोक्याचा होता, तो सहापदरीवर सापळा होतो. एकदा भराव टाकून झाला की खालून भोक पाडणे महागात जाते. जे मागायचे ते भराव पडण्याआधी.

दोन लहान गोष्टी सांगतो, त्यांना खर्च थोडा आहे.

पहिली दुभाजकाच्या तोंडाची. बाह्यवळणाला, पुलाच्या सुरुवातीला, टोल नाक्याजवळ जिथे दुभाजक सुरू होतो, तिथे सिमेंटचे बोथट टोक समोर उभे असते. रात्री पावसात ते दिसत नाही. तिथे चमकणारे काळे-पिवळे फलक, आधी काही अंतरापासून रस्त्यावर पट्टे आणि धक्का झेलणारी व्यवस्था हवी. पत्र्याच्या कठड्याचे टोक जमिनीत उतरते करून सोडले असेल, तर त्याचा उताराच्या फळीसारखा उपयोग होऊन गाडी वर चढते आणि उलटते. या रस्त्याने राजस्थानचा ट्रक जातो, तमिळनाडूचा जातो, पंजाबचा जातो. आपली मराठी, कन्नड किंवा इंग्रजी पाटी त्याला वाचता येईलच असे नाही. बाण, पट्टे आणि चमक ही भाषा मात्र सगळ्यांना कळते.

दुसरी झाडांची. दुभाजकात कण्हेर, बोगनवेल लावतात, कारण समोरच्या दिव्यांचा झोत अडतो आणि कण्हेरीला जनावर तोंड लावत नाही. झाडे हवीतच. पण कटजवळ ती माणसाच्या उंचीची वाढली की मागून येणारी दुचाकी ट्रकवाल्याला दिसत नाही. तिथे ती गुडघ्याएवढीच राखली पाहिजेत. आणि त्यांना पाणी घालणारा टँकर वेगाच्या पट्ट्यात उभा असतो. मागून येणाऱ्या ट्रकला तो चालता वाटतो. टँकरच्या बऱ्याच मागे शंकू आणि बाणाचा फलक ठेवायची सक्ती हवी. पाणी घालणारा मजूर रोजंदारीवरचा असतो. त्याच्या वतीने निवेदन देणारे कोणी नसते, ते आपण देऊ.

आता हे मागायचे कोणाकडे? महामार्ग केंद्राच्या प्राधिकरणाचा आहे. कागलच्या अलीकडचा असो की पलीकडचा, मालक एकच. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते, तिच्या बैठकीत हा विषय नोंदवून घ्यायला लावता येतो. तोडलेल्या दुभाजकाची किंवा मोडलेल्या कठड्याची तक्रार १०३३ या क्रमांकावर करता येते. आणि मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९८ अ आले आहे. रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे केली नाही आणि त्यामुळे कोणी दगावले किंवा अपंग झाले, तर जबाबदार प्राधिकरण, कंत्राटदार किंवा सल्लागाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम मोठी नाही. पण 'ड्रायव्हर झोपला होता' हे एकच कारण लिहून फाईल बंद करण्याची सोय या कलमाने राहिली नाही. निवेदनात हे कलम नावानिशी घाला. कोणता कट मंजूर आहे आणि कोणता नाही, याची यादी माहितीच्या अधिकारात मागवा. आपल्याकडे यादी असली की बैठकीत आवाज वाढवावा लागत नाही.

मित्रहो, राजकारणात लोकप्रिय मागणी करणे सोपे असते. कट मिळवून दिला की फाट्यावर सत्कार होतो, सर्व्हिस रोड मिळवायला पाच वर्षे खेटे घालावे लागतात. पण आपले मंडळ लोकांसाठी खेटे घालण्याकरिताच उभे राहिले आहे. म्हणून माझी सूचना चार ओळींची आहे. मसुद्यातल्या कटच्या सगळ्या मागण्या काढाव्यात. त्या प्रत्येक ठिकाणी सर्व्हिस रोड आणि साडेपाच मीटर उंचीचा भुयारी मार्ग मागावा. तो होईपर्यंत आहेत त्या मंजूर कटवर दिवे, पट्टे आणि गतिरोधक पट्ट्या मागाव्यात आणि फोडलेले कट बंद करायला आपण स्वतः गावाची समजूत घालावी. आणि घाट, वळण व पुलांवर ट्रकला अडवील असा उंच, सलग कठडा मागावा.

ज्या गावांनी कट मागितला आहे, त्यांच्याकडे हे सांगायला कोणाला तरी जावे लागेल. अध्यक्षांनी परवानगी दिली तर येत्या रविवारपासून मी जायला तयार आहे. बरोबर आणखी दोघे आले तर बरे होईल.